दोन माणसांचा स्वयंपाक

चोवीस वर्षं देन्सियोने बोटींवर स्वयंपाक केला होता, पण दोन माणसांपुरता स्वयंपाक त्याने आयुष्यात कधी केला नव्हता. हे त्याच्या ध्यानात आलं ते गावच्या मोलो बाजारात, कोंबडीवालीच्या पुढ्यात उभं असताना.

"अर्धी द्या," तो म्हणाला.

"अर्धी?" बाईने कोंबडीचे पाय धरून तिला त्याच्या नाकासमोर उलटी टांगली. "जिवंत आहे ती. उरलेली अर्धी काय माझ्याकडे बसून अंडी घालणार?"

"दोघांनाच जेवायचंय हो."

"मग दोघांनी जास्त जेवा!"

कोंबडी पूर्ण घ्यावी लागली. कालवांचंही तेच झालं. बशीभर घेतली तर हॉटेलच्या भावाने, आणि बादलीभर घेतली तर जवळजवळ फुकट. देन्सियोने बादली उचलली. गरिबाला थोडं घेणं परवडत नाही, हे तो बंदरोबंदरी पाहत आला होता. आपल्या गावातही तेच असेल असं त्याला वाटलं नव्हतं इतकंच.

पैसे त्याचे स्वतःचे होते, म्हणजे केस कापायचे. पाच महिन्यांपूर्वी तो घरी आला तेव्हाही घराचा खर्च बायकोच्या, फेलीच्या हातात होता आणि अजूनही तिच्याच हातात होता. त्याला मिळायचे ते केसांचे आणि सिगारेटचे. दोन्हींना त्याने रजा दिली होती. त्यामुळे केस कानांवर आले होते आणि स्वभाव चिडका झाला होता. पण आजच्या जेवणासाठी फेलीसमोर हात पसरायचा नाही, एवढं त्याने ठरवलं होतं. आज त्यांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता, आणि लग्नानंतर त्या तारखेला तो घरी असण्याची ही पहिलीच वेळ.

पण खरं कारण वाढदिवस नव्हतंच. सोमवारी मनिलाहून बोटीच्या एजन्सीचा फोन आला होता. एका मालवाहू बोटीवरचा स्वयंपाकी आजारी पडला होता. देन्सियो येईल का? नऊ महिने. शनिवारी सकाळी उत्तर हवं, आणि हो असेल तर त्याच दिवशी निघायचं.

घराने उत्तर देऊन टाकलं होतं. सासूला नात झाल्यापासून घरात सगळेच लोला, म्हणजे आजी, म्हणत, ती म्हणाली, "अर्धं छप्पर नवीन, अर्धं गंजलेलं. मी नेमकी गंजलेल्या अर्ध्याखाली झोपते. नऊ महिने म्हणजे काय, डोळा लागेपर्यंत जातात." शेजारी राहणारी फेलीची थोरली विधवा बहीण पुरिता म्हणाली, "समुद्राने बोलावलं की नाही म्हणू नये, पाप लागतं." तिचा समुद्राशी संबंध एवढाच, की देन्सियो परदेशातून खोकी भरभरून साबण, चॉकलेटं आणि डबाबंद मांस पाठवायचा, आणि त्यातलं निम्मं तिच्या घरातल्या किराणा दुकानात विकायला लागायचं.

फेली मात्र म्हणाली होती, "तुझं तू बघ." आणि सुईत दोरा ओवत राहिली होती.

घशात अडकलेला काटा जिभेने चाचपावा तसं हे वाक्य देन्सियो चार दिवस चाचपत होता. तुझं तू बघ म्हणजे काय? जा? की जाऊ नको? की तू गेलास काय आणि राहिलास काय, मला शाळेचे गणवेश शिवायचेच आहेत? फेलीला समोरासमोर बसवून विचारायला हवं होतं, आणि ज्या घरात न्हाणीघरापुढेही रांग लागते तिथे ते जमणार कसं?

"जेवायला घाला तिला," त्यांची मुलगी ज्वेलीन म्हणाली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि प्रत्येक दुखण्यावर तिच्याकडे काहीतरी असायचंच. "मेणबत्ती लावा. दोघंच बसा. मी आठपर्यंत दुकानात आहे. लोलाला पुरितामावशीकडे पाठवा, तिचा टीव्ही मोठा आहे."

"आणि काय करू जेवायला?"

"ते तुम्हाला मी सांगू, ताताय? तुम्ही बोटीवर कप्तानाला जेवू घालत होतात!"

"कप्तानाला रोमान्स नको असायचा," देन्सियो म्हणाला.

*

पुरिताकडे त्याला दोन कामं होती. लोलाला संध्याकाळभर ठेवून घ्यायचं होतं, आणि तिच्या झाडाची शहाळी हवी होती. बिनाकोल, म्हणजे शहाळ्याच्या पाण्यात शिजवलेला कोंबडीचा रस्सा, शहाळ्यांशिवाय होत नाही. आणि बाजारात शहाळी घेतली तर पैसे संपले असते.

"शहाळी घे की," पुरिता काउंटरवर कोपरं टेकवून म्हणाली. "पण झाड म्हातारं झालंय रे, देन्सियो. त्याच्या मनाला लागतं."

"काय दिलं म्हणजे लागणार नाही, मानांग?" थोरल्या मेहुणीला तो मानांग, म्हणजे ताई, म्हणायचा.

पुरिताने बादलीत डोकावून पाहिलं. "वाडगाभर कालवं."

"दिली."

"आणि लोला माझ्याकडे रात्री जेवणार. तेव्हा थोडा रस्सा."

"दिला."

"आणि हे सगळं कशासाठी चाललंय ते सांग."

"लग्नाचा वाढदिवस आहे, मानांग."

"तो दर वर्षी असतो," पुरिता म्हणाली.

चार वाजता देन्सियोने चुलीवर पातेलं चढवलं. हात त्याचे सवयीचे होते आणि तिथेच घोटाळा झाला. चिमूटभर मीठ घ्यायला गेला की मूठ भरायची. आल्याचा तुकडा घ्यायला गेला आणि भानावर आला तेव्हा पावशेर आलं ठेचून झालं होतं. परसातली कच्ची पपई त्याने एक चिरली, मग सवयीने दुसरी चिरली, तिसरीला सुरी लावली तेव्हा स्वतःलाच म्हणाला, "देन्सियो, दोन माणसं! दोन!" मग पाणी कमी वाटलं म्हणून आणखी एक शहाळं फोडलं. रस्सा पातळ झाला म्हणून आणखी पपई. गवती चहाची जुडी गाठ मारून त्याने पातेल्यात सोडली आणि झाकण लावायला गेला तर झाकण बसेना. शेवग्याचा पाला अजून घालायचाच होता. शेवटी लोलाचं नाताळचं मोठं पातेलं फडताळावरून काढावं लागलं.

पण वास! वास असा सुटला की गल्लीतून जाणारा पाववाला सायकलवरून उतरला आणि, "कोणाकडे लग्न आहे?" म्हणून विचारून गेला.

टेबलावर फेलीच्या शिवणातली पांढरी चादर आली. मेणबत्त्या विकत घ्यायला पैसे उरले नव्हते, पण देवाच्या फडताळाखाली एका डब्यात बऱ्याच अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्या सापडल्या. त्यांतल्या दोन जरा उंच होत्या. त्याने दाढी केली. केसांचं काही करता येण्यासारखं नव्हतं. पाणी लावून मागे बसवले. मग कपाटातला निळा शर्ट चढवला. तो त्याचा चांगला शर्ट होता. दर वेळी विमानतळावर जाताना तो तोच घालायचा, पण ही गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही.

*

पुरिताच्या घरी मालिका लागली होती. आरामखुर्चीत बसलेल्या लोलाचे डोळे पडद्यावर असले तरी कान भिंतीपलीकडे होते.

"माझं नाताळचं पातेलं काढलंय त्याने," ती म्हणाली. "आवाज ओळखते मी."

"बायकोसाठी स्वयंपाक करतोय," पुरिता म्हणाली. तिच्या मांडीवर वाफवलेल्या कालवांचा वाडगा होता. एकेक शिंप उघडून, मिरच्या-लसणीच्या सिरक्यात बुडवून, ती तोंडात टाकत होती. "लोला, तुला सांगते, नवरा आपण होऊन चुलीपुढे उभा राहिला की बाईने समजून घ्यावं. काहीतरी केलेलं असतं त्याने."

"कुठल्या बंदरातली असेल?" लोलाने तितक्याच शांतपणे विचारलं.

"ते आज सांगेल. आधी पोट भरायचं, मग सांगायचं. माझ्या नवऱ्याने मला एकदाच चहा करून दिला होता. घोटभर प्यायले नाही तोवर म्हणाला, बैल विकला."

"उद्या जाणार म्हणून असेल," लोला म्हणाली. "जायच्या आदल्या दिवशी जेवण असतंच आपल्याकडे. बरं आहे. छप्पर होईल."

"तसंही असेल." पुरिताने पुढची शिंप उघडली. "पण कालवं मात्र छान आणली हं. दाणेदार. मला वाडगाभर दिली आणि म्हणाला, बाकीची आमच्या दोघांना."

लोलाने टीव्हीवरून नजर काढली. "दोघांना म्हणजे?"

"त्याला आणि फेलीला."

"फेलीला?"

पुरिताचा हात वाडग्यात थांबला.

"पुरिता," लोला म्हणाली, "फेलीला कालवं चालत नाहीत."

"मला माहितेय."

"सगळ्या गल्लीला माहितेय. पोस्टमनलाही माहितेय."

"मला वाटलं ती काहीतरी दुसरं खाईल."

"अगं, नवऱ्याने वाढलेलं आहे ते! ती खाणार!" लोलाने खुर्चीच्या दांड्यांवर हात रोवले. "उठव मला. टीव्ही बंद करू नको, आपण लगेच येऊ. पण मला उठव."

*

फेली भाड्याच्या जीपनीतून उतरली तेव्हा तिची पाठ मोडून आली होती. शाळा जूनमध्ये उघडणार आणि मे महिन्यात सगळ्या शहराला गणवेश हवे असणार. वाटेत तिच्या डोक्यात तोच हिशेब चालला होता जो सोमवारपासून चालला होता. जाऊ नको म्हणावं, तर छप्पर. जा म्हणावं, तर... तर काय? चोवीस वर्षं तिने त्याच्याशिवाय काढली होती, मुलगी वाढवली होती, अर्धं छप्पर बदललं होतं. खरं सांगायचं तर तो परत आला तेव्हा पहिला महिना तिला त्याचा रागच आला. पलंगावर ती तिरकी झोपायची. आता सरळ झोपावं लागायचं. चमचे भलत्याच खणात सापडायचे. संध्याकाळी साडेपाचला हा माणूस ताटं वाजवून सगळ्यांना जेवायला बोलवायचा, जणू घर म्हणजे बोटच आहे.

पण गेल्या आठवड्यात तो दोन दिवस भावाकडे गेला होता. तेव्हा पलंग पूर्ण मोकळा होता आणि तिला झोप लागली नव्हती.

हे त्याला कसं सांगायचं? तो समुद्रावरचा माणूस. घरात त्याचा जीव घुसमटत असेल. तिने ‘राहा’ म्हटलं तर तो राहील, आणि मग जन्मभर खिडकीशी उभा राहून नारळाच्या झाडांकडे बघेल. म्हणून ती म्हणाली, तुझं तू बघ.

दार उघडलं आणि तिला आधी मेणबत्त्या दिसल्या. मग पांढरी चादर. मग तो निळा शर्ट.

ठरलं तर, तिच्या मनात आलं. जातोय.

"ये," देन्सियो म्हणाला. त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली आणि कुठे ठेवावी ते न कळून हातातच धरून ठेवली. "बस. आज तू काही करायचं नाहीस."

"लोला कुठेय?"

"मानांगकडे."

"ज्वेलीन?"

"कामावर. आपण दोघंच आहोत."

फेली बसली.  देन्सियोने समोर मोठी थाळी ठेवली. त्यावर केळीचं पान, पानावर कालवं. एकेक शिंप उघडून सारख्या ओळींत मांडलेली, मधोमध सिरक्याची वाटी, कडेने लिंबाच्या फोडी. कप्तानाच्या टेबलावर मांडावी तशी.

"परदेशात ही मोजून देतात," तो म्हणाला. "आणि लोक म्हणे प्रेमात पडतात खाऊन. तुला आठवतं? लग्नाआधी व्हियाच्या किनाऱ्यावर आपण दोघांनी बादली संपवली होती. तू माझ्यापेक्षा जास्त खाल्लीस. तेव्हाच मी ठरवलं, हिच्याशीच."

त्याचे केस ओले होते आणि कानांवरून सुटून पुढे येत होते. फेलीने त्या थाळीकडे पाहिलं. ‘मला चालत नाहीत’ हे शब्द तिच्या तोंडात आले. आज शेवटची संध्याकाळ, ती मनाशी म्हणाली. फार तर काय, ओठ सुजतील. चुलीपुढे दिवसभर उभा राहिलाय हा.

तिने एक खाल्लं.

"कसं झालंय?"

"छान," ती म्हणाली, आणि दुसरं खाल्लं. गंमत म्हणजे ते खरंच छान होतं. चव ती विसरूनच गेली होती. तिने तिसरंही खाल्लं.

"फेली," देन्सियोने खुर्ची पुढे ओढली. "मला तुला एक विचारायचंय. उद्या सकाळी त्यांना उत्तर द्यायचंय. मी जाऊ का?"

फेलीने मान वर केली. विचारायचंय? म्हणजे ठरलेलं नाही? चार दिवस अडवून धरलेलं सगळं तिच्या घशाशी आलं. बोलायला तिने तोंड उघडलं, आणि तेव्हाच तिला कळलं की वरचा ओठ जागेवर नाही.

"ह्हा," ती म्हणाली.

"काय?"

"ह्हा!"

मेणबत्तीच्या उजेडात देन्सियोने तिच्याकडे निरखून पाहिलं. ओठ जाड झाले होते. पाहता पाहता आणखी जाड होत होते. डोळ्यांत पाणी होतं. "फेली? हे काय होतंय तुला?"

त्याच क्षणी मागचं दार धाडकन उघडलं आणि लोला आत आली. मागे पुरिता. पुरिताच्या हातात अजून कालवांचा वाडगा होता.

"खाल्लं!" लोला ओरडली. "बघ तोंड! खाल्लंच हिने!"

"विष!" पुरिता ओरडली. मग हातातल्या वाडग्याकडे पाहून म्हणाली, "म्हणजे, हिच्यापुरतं."

"काय विष? कसलं विष?" देन्सियो ताडकन उठला. खुर्ची पडली.

"तिला कालवं चालत नाहीत, गाढवा! ओठ सुजतात तिचे! आणि या..." लोलाची नजर टेबलावर गेली आणि तिचा आवाज एकदम चढला. "या माझ्या म्हाताऱ्याच्या मेणबत्त्या! कबरीवरून उरलेल्या मी जपून ठेवल्यात! माझ्या नवऱ्याच्या मेणबत्त्या लावून माझ्या मुलीला मारतोस?"

देन्सियोला एकाच वेळी मेणबत्ती विझवायची होती, फेलीला धरायचं होतं आणि खुर्ची उचलायची होती. त्याने खुर्ची उचलली. पुरिताने दारातूनच ज्वेलीनला फोन लावला. ज्वेलीनचं दुकान कोपऱ्यावर होतं. तिची पावलं वाजली तीच दारापुढच्या पायऱ्यांवर. तिने आईचा, नानायचा, जबडा धरून दिव्याखाली नेला, "श्वास घे. परत घे. घसा दाटतोय? नाही ना?" असं विचारून घेतलं आणि एक गोळी तिच्या जिभेवर ठेवली.

"काही नाही, उतरेल तासाभरात," ती म्हणाली. मग वडिलांकडे वळली. "ताताय, कालवं? नानायला?"

"तिला आवडायची," देन्सियो म्हणाला.

"मी झाले तेव्हापासून चालत नाहीत तिला. तुम्हाला माहीत नव्हतं?"

देन्सियोने बायकोकडे पाहिलं. फेलीने मान खाली घातली. ज्वेलीन झाली तेव्हा तो बोटीवर होता. नंतर तो यायचा तो दोन महिन्यांसाठी, आणि घरात त्याच्या आवडीचं शिजायचं. पत्रात, फोनवर, पुढे पडद्यावरसुद्धा कोणाला कधी सुचलं नव्हतं त्याला सांगायचं, की फेलीला आता कालवं चालत नाहीत. तो ज्या फेलीसाठी सकाळपासून राबत होता ती पंचवीस वर्षांपूर्वी व्हियाच्या किनाऱ्यावर बसली होती. ही कोण होती ते त्याला धड माहीतही नव्हतं.

तो ओट्याला टेकून उभा राहिला. "मग खाल्लीस का?" त्याने हळूच विचारलं.

फेलीने खांदे उडवले. 

"तिने खाल्लं, कारण ती मूर्ख आहे," लोला म्हणाली. ती आता टेबलाशी, देन्सियोच्या खुर्चीवर, ऐसपैस बसली होती. "आणि तू बोटीवरच बरा. तिथे कोणाला मारलंस तर निदान आमच्या घरचं नसेल. काय म्हणाली ती? जाऊ का असं विचारलंस ना? दारातून ऐकलं मी. काय म्हणाली?"

"ह्हा म्हणाली," देन्सियो म्हणाला.

"म्हणजे ‘जा’. झालं तर."

"‘जा’ कसं?" पुरिता मध्ये पडली. गेल्या काही मिनिटांत ती दोनदा बाहेर जाऊन आली होती, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. "‘राहा’ म्हणाली असेल. शेवटी ‘हा’ आहे."

लोला तिच्याकडे बघतच राहिली. "सोमवारी तर म्हणत होतीस, समुद्र बोलावतो, पाप लागतं!"

"सोमवारी म्हणत होते," पुरिताने मान्य केलं. "सोमवारी मी त्याचा रस्सा चाखला नव्हता."

"मावशी," ज्वेलीन चुलीकडे पाहत म्हणाली, "पातेलं कुठाय?"

पातेलं पुरिताच्या दुकानाच्या काउंटरवर होतं. वाटीवाटीने चाललं होतं. पाववाला दोन वाट्या घेऊन गेला होता, पलीकडची शिंपीण डबा घेऊन आली होती, आणि मालिकेच्या जाहिरातीत बाहेर पडलेली सगळी गल्ली खिडकीपुढे उभी होती.

"अगं, वाया गेलं असतं!" पुरिता म्हणाली. "पन्नास माणसांचा रस्सा, एक बाई तोंड सुजवून बसलेली, कोण खाणार? कोंबडीचे पैसे निघाले. शहाळ्यांचेही निघाले. म्हणजे माझ्या शहाळ्यांचे. आणि लोक विचारतायत, उद्या काय आहे?"

"माझ्या बायकोचा रस्सा विकलात, मानांग?"

"थोडा ठेवलाय की तळाशी. मी काय राक्षस आहे?"

"‘जा’ म्हणाली," लोलाने टेबलावर हात आपटला. "आई आहे मी तिची. जन्मल्यापासून तिचं बोलणं ऐकतेय."

"‘राहा’!"

"‘जा’!"

"लोला, ओठ न हलवता ‘जा’ म्हणून दाखव बघू," ज्वेलीन म्हणाली, आणि लोला खरोखर ओठ आवळून "ज्ज्हा, ज्ज्हा" करू लागली. पुरिता तिच्यासमोर "ऱ्ह्हा, ऱ्ह्हा" करत होती. देन्सियो एकदा हिच्याकडे आणि एकदा तिच्याकडे पाहत होता, जणू त्याचा निकाल लागायचा होता तो त्या दोघींच्या तोंडून.

फेलीकडे कोणीच बघत नव्हतं. ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात देन्सियोची मोठी, चाकांची, कुठल्या कुठल्या बंदरांच्या चिठ्ठ्या चिकटवलेली पेटी होती.



"बघा," लोला म्हणाली. पण जिंकल्याचा आनंद तिच्या आवाजात म्हणावा तितका नव्हता. "सांगत होते मी."

देन्सियोने निळ्या शर्टाचं वरचं बटण लावलं. का लावलं ते त्याला सांगता आलं नसतं. फेली पेटी ओढत त्याच्यापर्यंत आली, त्याच्या पायाला चाक लागलं तरी थांबली नाही, त्याला वळसा घालून पुढे गेली आणि पेटीची मूठ पुरिताच्या हातात दिली.

"मला?" पुरिता म्हणाली.

फेलीने मान हलवली. आधी पेटीकडे, मग भिंतीपलीकडच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

"दुकानात, सुकी मासळी ठेवायला? अगं, चाकं आहेत हिला! कुलूपही आहे!" पुरिताने पेटी छातीशी धरली. "परत मागायची नाही हं. ज्वेलीन, तू साक्षी."

देन्सियोने शर्टाचं वरचं बटण पुन्हा सोडलं. तो फेलीकडे पाहत राहिला. तीही त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्या त्या फुगलेल्या तोंडावर कसलाच संशय नव्हता.

"छपराचं काय?" लोला म्हणाली. आवाज खाली आला होता.

"मी चढेन लोला, मी बदलेन."

"तू! बोटीवर भात शिजवायचास तू."

"बोटीला छप्पर असतं."

"पडशील."

"पडलो तर तुमच्यावरच पडेन. गंजलेला भाग तिथेच आहे ना?"

लोलाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग ओठ दाबून हसू गिळलं आणि उठायला हात पुढे केला. तो धरायला देन्सियोच पुढे झाला. "मालिका संपली असेल," ती कुरकुरली. दाराशी पोचल्यावर वळून म्हणाली, "एक मेणबत्ती ठेव. म्हाताऱ्याची हरकत नसेल. त्याला फेली आवडायची." ज्वेलीनने तिला पायऱ्या उतरवल्या. पुरिता पेटीची चाकं फरशीवर खडखडवत आधीच पुढे गेली होती, आणि थोड्या वेळाने तिने खिडकीतून पातेलं आत सरकवलं.

देन्सियोने कालवं झाकून बाजूला केली. तळाशी उरलेला रस्सा भातावर वाढला, फेलीच्या ताटात कोंबडीचे तुकडे घातले आणि समोर बसला. फेलीने चमचा जेमतेम ओठांच्या कडेने आत घातला. मग डोळे मिटले. झालाय, अशी मान हलवली.

"फेली."

"हं."

"आणखी काय काय खात नाहीस?"

त्याने आपलं ताट बाजूला सारलं.

"सांग. सगळं सांग. मला काही माहीत नाहीये."

फेलीने चमचा खाली ठेवला आणि बोटं मोजत सुरुवात केली. पहिला शब्द काही केल्या कळला नाही. दुसरा त्याने दोनदा विचारला, तेव्हा कळलं, कारलं. पुढचा अननस, पण फक्त कच्चा. बोटीवर कप्तानाचा हुकूम मोठ्याने परत म्हणायची त्याची सवय होती, तसं तो प्रत्येक शब्द परत म्हणत होता. मग तिने स्वतःच्या ताटात बोट दाखवलं. तिथे भातावर कोंबडीची मान होती.

"मान?" देन्सियो थक्क झाला. "मान आवडत नाही तुला?"

तिने मान हलवली. कधीच नाही.

"अगं, लग्नाच्या दिवसापासून कोंबडी शिजली की मी आठवणीने तुला मान देत आलो!"

हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्याने स्वतःच ते ऐकलं. फेलीनेही ऐकलं. तिचे खांदे हलायला लागले. हसताना ओठ दुखले म्हणून तिने दोन्ही हातांनी तोंड धरलं आणि तशीच हसत राहिली; डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. देन्सियोने तिच्या ताटातली मान उचलून आपल्या ताटात घेतली आणि तिच्याकडे बघत बघत ती चोखायला सुरुवात केली.